नळदुर्ग बघायचा तर शत्रूच्या डोळ्यांनी

पाटबंधारे खात्यात माझी सगळी नोकरी गेली, त्यामुळे नळदुर्गला पहिल्यांदा गेले ती पाण्यातल्या भिंतीसाठी. किल्ला कळायला मात्र पुढच्या पाच-सहा खेपा लागल्या. सोलापुरातून कुणी "जाऊन येतो" म्हणालं की मी एकच सांगते, थेट बंधाऱ्याच्या पोटातल्या पाणीमहालाकडे धावू नका. आधी वेढा घालायला आलेल्या सरदारासारखं बाहेर उभं राहा आणि विचारा, "मी आत शिरू कुठून?"

हा प्रश्न इथे खरोखर विचारला गेलाय. नळदुर्ग म्हणजे विजापूरच्या आदिलशाहीचा सीमेवरचा किल्ला. वर अहमदनगरची निजामशाही, पूर्वेला गोवळकोंड्याची कुतुबशाही. पलीकडचा सोलापूरचा किल्ला या भांडणात सतत हात बदलायचा. निजामशाही घराण्यातल्या चांदबीबीचं लग्न विजापूरच्या अली आदिलशाहाशी झालं तेव्हा तो हुंड्यात दिला गेला. त्याच अली आदिलशाहाने नळदुर्गला आजचा दगडी तट चढवला. 1580 मध्ये त्याचा खून झाला आणि गादीवर नऊ वर्षांचा इब्राहिम आला. शेजाऱ्यांना संधी दिसली. निजामशाही आणि कुतुबशाही फौजांनी मिळून नळदुर्गला वेढा घातला, पण किल्ला पडला नाही.

का पडला नाही, ते गावाच्या बाजूला खंदकाच्या काठावर उभं राहिलं की दिसतं. किल्ला बसाल्टच्या पठाराच्या टोकावर आहे आणि बोरी नदी त्याला वळसा घालून जाते. नदीकडे सरळ तुटलेला कडा. जमिनीवरून चालत यायला वाट आहे ती फक्त या गावाकडच्या अंगाने. म्हणून सगळा जोर इथेच. आधी खंदक, मग बाहेरची बुटकी भिंत, तिच्यामागे उंच तट. खंदकाची कड नीट बघा: बरीचशी बांधलेली नाही, कातळातच खोदलेली आहे. अशा खंदकाला सुरुंग लावायचा कुठे?

मग दरवाजा. आत शिरताना पावलं मोजत चला आणि किती वेळा वळावं लागतं ते बघा. हत्तीने दरवाजा फोडायचा तर त्याला धाव घ्यायला सरळ वाट लागते, ती इथे ठेवलेलीच नाही. दोन भिंतींच्या मधल्या त्या वाटेत मान वर करा. वरून दगड आणि गोळ्या येतायत असं क्षणभर समजलात की पुढचं सगळं आपोआप कळत जातं. देवड्यांमध्ये दोन मिनिटं बसा, पहारेकऱ्यांची जागा ती.

तटावर चढलात की जंग्यांना, म्हणजे भिंतीतल्या मारा करायच्या भोकांना, डोळा लावा. एकीतून लांबचा माळ दिसतो. शेजारची तिरकी खाली उतरत गेलेली असते, तिच्यातून फक्त तटाचा पाया दिसतो. मी माझ्या भाचीला खाली उभं केलं आणि वरून पाहिलं. भिंतीला चिकटली तरी ती मला दिसतच होती.

आतल्या उपली बुरुजासाठी वेळ राखून ठेवा. तटापासून सुटा, एकटाच उंच उभा. वर हत्ती तोफ आणि मगर तोफ आहेत. एवढ्या उंचीवर तोफ चढवायचा खटाटोप कशासाठी, ते वर गेल्यावर चारी बाजूंना नजर टाकली की उमगतं: आपल्याच तटाच्या डोक्यावरून पल्ला मिळतो. नव बुरूज बाहेरून बघा, नऊ पाकळ्यांसारखा फुगलेला आहे.

आता पाणी. नदीपलीकडे रणमंडळाची टेकडी आहे. शत्रूने तिथे तोफा चढवल्या असत्या तर कड्याचा काही उपयोग उरला नसता. म्हणून त्या टेकडीलाही तट घातला आणि दोन्ही किल्ले एका बंधाऱ्याने जोडले. माझ्या मते नळदुर्गचं खरं शहाणपण या बंधाऱ्यात आहे. एकाच भिंतीने वेढ्यातल्या माणसांना पाणी दिलं, नदीचं तळं करून कड्याखालची वाट बंद केली आणि रणमंडळावर कुमक पाठवायला पूलही दिला. त्याच भिंतीच्या पोटात इब्राहिम आदिलशाहाच्या काळात, 1613 मध्ये, मीर इमादीनने पाणीमहाल बांधला. तिथल्या फारसी शिलालेखाचा आशय असा, की हा महाल पाहून मित्रांचे डोळे उजळावेत आणि शत्रूंचे अंधारावेत.

नदीच्या वरच्या अंगाचं बोरी धरण भरून सांडल्याशिवाय बंधाऱ्याचे नर आणि मादी हे दोन्ही सांडवे, म्हणजे जादा पाणी खाली पडायच्या वाटा, वाहत नाहीत, तेव्हा पावसाळ्याच्या शेवटी चौकशी करूनच निघा. चपला घालून जाऊ नका. महालाच्या ओल्या पायऱ्यांवर मी एकदा घसरले आणि मनगट तीन आठवडे प्लास्टरमध्ये होतं. खाली पोचलात की खिडकीत उभं राहा. समोर हातभर अंतरावर पाण्याचा पडदा कोसळत असतो, बोललेलं ऐकू येत नाही, भिंतीला हात लावला तर ती थरथरते. आणि आत तुमची बाही कोरडी असते.

उजेड असेतो बंधाऱ्यावरून रणमंडळावर जा आणि तिथून वळून किल्ल्याकडे बघा. तोफ कुठे ठेवली असती, ते आता तुम्हीच ठरवा.