संसर्ग हटत नसेल तर अँटिबायोटिक असं घ्या

एका कोर्सनंतरही संसर्ग परत आला, तर दुसरं औषध सुरू करण्याआधी लघवीचा, पुवाचा किंवा थुंकीचा नमुना कल्चरसाठी (जंतू वाढवून करायच्या तपासणीसाठी) द्या. आधीच गोळी घेतली तर नमुन्यात अनेकदा जंतू वाढत नाहीत आणि मग कोणतं औषध लागू पडेल ते कळत नाही. अहवालाला साधारण 2-3 दिवस लागतात. प्रकृती गंभीर असेल तर मात्र डॉक्टर अहवालासाठी थांबत नाहीत, आणि ते योग्यच आहे.

‘दिवसातून तीनदा’ म्हणजे शक्यतो दर 8 तासांनी: सकाळी 6, दुपारी 2, रात्री 10. अमॉक्सिसिलिनसारख्या अँटिबायोटिकची रक्तातली पातळी काही तासांतच उतरते.

सिप्रोफ्लॉक्सासिनचं गणित वेगळं. कॅल्शियम, लोह, अँटासिड यांच्याशी ते पोटातच बांधलं जातं आणि रक्तात पुरेसं पोचत नाही. म्हणून ते या गोळ्यांच्या 2 तास आधी किंवा 6 तास नंतर घ्या. नुसत्या दुधाबरोबरही नको. गुण न येण्याचं हे कारण सहज नजरेतून सुटतं. डॉक्सिसायक्लिन पेलाभर पाण्याबरोबर घ्या आणि अर्धा तास आडवे होऊ नका, नाहीतर अन्ननलिकेत जखम होऊ शकते.

डोस चुकला तर आठवताच घ्या, पण दोन एकदम कधीच नको. 48-72 तासांत उतार नसेल तर डॉक्टरांना कळवा. आत पू साचला असेल तर त्याचा निचरा करावा लागतो. पाण्यासारखे जुलाब वारंवार होऊ लागले तर ते थांबवणारी गोळी परस्पर घेऊ नका. ओठ सुजले किंवा श्वास लागला तर तडक रुग्णालय गाठा.