मेमरी कार्डचं पार्टिशन करताय? आधी या चुका टाळा

सप्टेंबर २०१४ मध्ये भारतात पहिले अँड्रॉइड वन फोन आले: मायक्रोमॅक्सचा कॅनव्हास ए१, कार्बनचा स्पार्कल व्ही आणि स्पाइसचा ड्रीम युनो. तिघांचंही स्टोरेज ४ जीबी. त्याच्या तीन वर्षं आधी आलेला सॅमसंग गॅलेक्सी वाय तर १८० एमबीवर दिवस काढायचा. चार ॲप टाकली की 'स्टोरेज फुल'. फोन रूट करायचा (म्हणजे त्याच्या सिस्टिमवर पूर्ण ताबा मिळवायचा), कार्डाचे दोन भाग पाडायचे (हेच पार्टिशन) आणि दुसऱ्या भागात ॲप ढकलायची, ही खटपट तेव्हा कॉलेजच्या पोरांना तोंडपाठ होती.

आज १२८ जीबीचा फोन सर्रास मिळतो, पण ते जुने फोन गेलेत कुठे? पोरांच्या हातात, दुकानाच्या गल्ल्यावर गाणी लावायला, गावाकडे आजोबांच्या उशाशी. त्यांच्यासाठी ही युक्ती अजून कामाची आहे. फक्त करताना लोक एकच घोळ वारंवार घालतात. पार्टिशन करतात, ॲप दुसऱ्या भागात हलवणाऱ्या लिंकटूएसडी या ॲपमध्ये एरर येते, की लगेच कार्ड काढून पुन्हा फॉरमॅट मारतात आणि पुन्हा पार्टिशन करतात. तिसऱ्यांदाही तेच. अहो, पार्टिशन हे दहा मिनिटांचं काम आहे आणि बहुतेक वेळा ते पहिल्याच फटक्यात नीट झालेलं असतं. दोष त्याच्या आधी असतो, म्हणजे कार्डात, नाहीतर त्याच्या नंतर, म्हणजे माउंट होण्यात (तो भाग फोनला जोडला जाऊन वापरता येण्यात). त्यामुळे तपासायचं ते याच क्रमाने.

कार्ड न तपासता सुरुवात करणं

रस्त्यावर किंवा ऑनलाइन निम्म्या भावात मिळणारी ६४ जीबीची कार्डं अनेकदा आतून ८ जीबीची असतात. कार्डातला कंट्रोलर (कार्डाचं काम चालवणारी चिप) खोटी साइझ सांगतो, फोन आणि कॉम्प्युटर दोघेही ती खरी मानतात. एरवी फोटो-गाण्यांसाठी वापरताना हे कार्ड भरेपर्यंत पत्ता लागत नाही. पार्टिशन केलं की मात्र लगेच फटका बसतो, कारण ॲपसाठी काढलेला दुसरा भाग कार्डाच्या शेवटाला असतो आणि खोट्या कार्डात नेमकी शेवटचीच जागा अस्तित्वात नसते. लक्षणं अशी दिसतात: पहिल्या भागातली गाणी व्यवस्थित वाजतात, पण दुसऱ्या भागात हलवलेली ॲप एकेक करून बंद पडतात. मग लोक ॲपला शिव्या देतात, रॉमला (फोनच्या सिस्टिम सॉफ्टवेअरला) देतात, कार्डवर संशय कुणाचाच नाही.

विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू आणि लिनक्सवर एफ३ ही फुकट टूल आहेत. कार्डाच्या टोकापर्यंत डेटा लिहून तो तसाच्या तसा परत वाचता येतो का, ते ही टूल पाहतात. वेळ लागतो, रात्री लावून झोपा. पण ही चाचणी पार्टिशनच्या आधीच करा, नंतर नाही.

दुसरा प्रकार म्हाताऱ्या कार्डांचा. तुम्ही फाइल डिलीट केली, कार्ड काढून परत घातलं आणि फाइल जागच्या जागी हजर. फॉरमॅट 'यशस्वी' झालं, तरी जुने फोटो तसेच. हे भूत-बित काही नाही. आयुष्य संपत आलं की कित्येक कार्डांचा कंट्रोलर लिहिणं बंद करून फक्त वाचू देतो. अशा कार्डावरचा डेटा कॉपी करून घ्या आणि कार्ड टाकून द्या. कोणतंही पार्टिशन टूल ते जिवंत करणार नाही.

नवं घेणारच असाल तर पाकिटावर ए१ ची खूण बघा. ॲप चालवताना छोटे छोटे तुकडे इकडून तिकडून वाचावे-लिहावे लागतात, आणि ए१ कार्डाला सेकंदाला किमान १५०० वाचनं आणि ५०० लेखनं झेपली पाहिजेत अशी अट आहे. 'क्लास १०' ही खूण सलग लिहिण्याच्या वेगाची, म्हणजे व्हिडिओसाठी. ॲपच्या बाबतीत ती फारसं काही सांगत नाही. ए२ चे आकडे आणखी मोठे असतात, पण त्याला फोनचीही साथ लागते. जुन्या फोनसाठी त्यावर जास्तीचे पैसे घालू नका.

जुनी कमांड डोळे मिटून चिकटवणं

सर्वांत महागात पडणारी चूक हीच. टर्मिनलमधून (म्हणजे कमांड टाइप करून) पार्टिशन करणाऱ्यांनी हा भाग दोनदा वाचावा.

लिनक्स कर्नल, म्हणजे अँड्रॉइडचा गाभा, कार्डासारख्या उपकरणांना 'एमएमसीबीएलके' आणि पुढे आकडा असं नाव देतो. गॅलेक्सी वायच्या काळातल्या कित्येक फोनांची आतली मेमरी वेगळ्या प्रकारची होती, तिला 'एमटीडी' म्हणत. त्यामुळे कार्डाला शून्य क्रमांक मिळायचा. पुढे ईएमएमसी मेमरीचे फोन आले. त्यात आतली मेमरीच शून्य क्रमांकाची झाली आणि कार्ड सहसा १ वर गेलं. मग यूएफएस मेमरी आली, तिची नावं 'एसडीए', 'एसडीबी' अशी. तिथे कार्ड पुन्हा शून्यावर येऊ शकतं.

आता विचार करा. २०११ च्या फोनसाठी लिहिलेली कमांड कुणी २०१५ च्या फोनवर चिकटवली, तर पार्टिशन कशाचं होईल? फोनच्या स्वतःच्या मेमरीचं. त्यात बूटलोडर (फोन सुरू करणारा प्रोग्रॅम), रॉम, आयएमईआयशी संबंधित भाग, सगळं आलं. फोन परत उठला तर नशीब.

म्हणून आधी 'प्रॉक' फोल्डरातली 'पार्टिशन्स' ही फाइल उघडून आकार बघा. कार्ड ३२ जीबीचं असेल तर साधारण तीन कोटी ब्लॉकची एक ओळ दिसेल. कार्ड काढा, पुन्हा बघा. जी ओळ गायब झाली तेच तुमचं कार्ड. रिकव्हरीतून (फोनच्या दुरुस्तीसाठी वेगळा सुरू होणारा मेनू) 'पार्टिशन एसडी कार्ड' हा पर्याय वापरणाऱ्यांनीही कोणतं स्टोरेज निवडलंय ते वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये. काही फोनांत 'एसडी कार्ड' नावाने आतलीच मेमरी दाखवलेली असते.

माझं मत विचाराल तर फोनवर हे करूच नका. कार्ड रीडरमध्ये घाला आणि कॉम्प्युटरवर मिनीटूल किंवा जीपार्टेडमध्ये करा. फोन केबलने जोडून भागणार नाही. आजचे फोन एमटीपीने जोडले जातात, त्यात कॉम्प्युटरला फाइली दिसतात, पण कार्ड डिस्क म्हणून दिसत नाही.

दोन्ही भाग प्रायमरी हवेत

पहिला भाग एफएटी३२, दुसरा ईएक्सटी४ (ही फाइल सिस्टिमची, म्हणजे फाइली साठवायच्या पद्धतींची नावं) आणि दोन्ही प्रायमरी, म्हणजे मुख्य भाग. पार्टिशन टूल दुसऱ्या भागाला आपणहून 'लॉजिकल' करून ठेवतं आणि आपण 'ओके' दाबून मोकळे होतो. लॉजिकल भागांची मोजणी कर्नल पाचपासून सुरू करतो. लिंकटूएसडी शोधतं क्रमांक दोन. तिथे काही नसतं, आणि 'नो सच फाइल ऑर डिरेक्टरी' अशी एरर येते.

दुसरा भागही एफएटी३२ ठेवा, सोपं पडेल, असा सल्ला बऱ्याच ठिकाणी मिळतो. तो ऐकू नका. एफएटीमध्ये फाइल-परवानग्या आणि सिमलिंक (दुसरीकडच्या फाइलीकडे बोट दाखवणारी नोंद) नसतात, त्यामुळे हलवता येणाऱ्या गोष्टी कमी होतात. शिवाय अँड्रॉइड ६ पासून फोन त्या भागाला आणखी एक कार्ड समजतो आणि स्वतःच माउंट करायला धावतो. मग दोघांची झटापट.

कार्ड आधी 'इंटर्नल स्टोरेज' म्हणून वापरलेलं असेल तर त्यावर जीपीटी प्रकारचा तक्ता (भागांची यादी) असतो आणि सुरुवातीला १६ एमबीचा एक विचित्र तुकडा दिसतो. फक्त तुकडे डिलीट करून चालत नाही. अख्खी डिस्क एमबीआर (तक्त्याचा जुना प्रकार) करून घ्या, जुन्या फोनांना तीच भाषा कळते.

आणि स्वॅपचा (रॅम कमी पडली की वापरायचा) तिसरा भाग? करू नका. रॅम वाढल्याचा भास होतो, प्रत्यक्षात फोन रखडतो आणि कार्ड झिजतं.

एरर न वाचता फॉरमॅट मारणं

माउंटच्या एररमध्ये शेवटचे तीन-चार शब्द कामाचे असतात. 'नो सच डिव्हाइस' आलं तर कर्नलला ती फाइल सिस्टिमच ठाऊक नाही. 'प्रॉक'मधल्या 'फाइलसिस्टिम्स' फाइलीत ईएक्सटी४ नसेल तर ईएक्सटी३ किंवा ईएक्सटी२ करून बघा. 'डिव्हाइस ऑर रिसोर्स बिझी' आलं तर तो भाग आधीच माउंट झालेला असण्याची शक्यता जास्त. रीस्टार्ट मारा आणि बघा.

'इनव्हॅलिड आर्ग्युमेंट' मात्र भल्याभल्यांना चकवतं. कार्ड बरोबर, भाग प्रायमरी, फाइल सिस्टिम ईएक्सटी४, कर्नलच्या यादीतही ईएक्सटी४, तरी माउंट नाही. याचं एक कारण फारसं कुणी सांगत नाही. २०१६ नंतरची लिनक्सवरची फॉरमॅट टूल ईएक्सटी४ करताना 'मेटाडेटा चेकसम' नावाची सोय आपोआप चालू ठेवतात. जुन्या फोनांच्या २.६ किंवा ३.० कर्नलला ती सोय कळत नाही, आणि न कळणाऱ्या सोयीवर लिहायला कर्नल साफ नकार देतो. म्हणजे तुमचा उबुंटू जितका नवा, तितकी फोनशी फारकत. फॉरमॅट करताना ती सोय बंद करा, किंवा कॉम्प्युटरवर फक्त भाग पाडा आणि ईएक्सटी४ चं फॉरमॅट फोनच्याच रिकव्हरीतून करा. ईएक्सटी३ केलं तरी सुटतं.

माउंट झालं, ॲप हलवली, सगळं छान. रीस्टार्टनंतर मात्र ॲपच्या जागी हिरवा रोबो, असंही होतं. याचा अर्थ फोन सुरू होताना माउंटची स्क्रिप्ट चाललीच नाही. इथे पार्टिशनला हात लावायचं कारण नाही. रूटची परवानगी सांभाळणारं ॲप सुपरएसयू असेल तर त्यातला 'माउंट नेमस्पेस सेपरेशन' बंद करा. मॅजिस्क असेल तर 'माउंट नेमस्पेस मोड' ग्लोबल करा. नाहीतर लिंकटूएसडीने केलेलं माउंट फक्त त्यालाच दिसतं, बाकीच्या ॲपना नाही. त्यानंतर लिंकटूएसडीतून माउंट स्क्रिप्ट पुन्हा तयार करून एकदा रीस्टार्ट द्या. लॉलिपॉपपासून (अँड्रॉइड ५) एसईलिनक्स ही सुरक्षा-व्यवस्था कडक झाली आहे, त्यामुळे जुन्या स्क्रिप्ट तिथे अडकतात हेही लक्षात असू द्या.

विंडोज म्हणतं 'फॉरमॅट करा', म्हणून करणं

कार्ड नीट चाललंय, गाणी भरायला कॉम्प्युटरला लावलं. विंडोज विचारतं, ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करायची का? आणि हात सवयीने 'येस'वर जातो. सगळी ॲप गेली. पूर्वी विंडोज काढत्या कार्डाचा पहिलाच भाग दाखवायचं, म्हणून हा प्रश्न येत नसे. २०१७ च्या विंडोज १० अपडेटपासून दुसऱ्या भागालाही ड्राइव्हचं अक्षर मिळू लागलं, आणि ईएक्सटी४ वाचता येत नाही म्हणून विंडोज तो भाग बिघडलेला समजतं. 'कॅन्सल' करा. घरात तो कॉम्प्युटर आणखी कुणी वापरत असेल तर डिस्क मॅनेजमेंटमधून दुसऱ्या भागाचं अक्षर काढूनच टाका.

रूट न करताही होतं, पण…

मार्शमेलो (अँड्रॉइड ६) किंवा त्यापुढचा फोन असेल तर 'अडॉप्टेबल स्टोरेज', म्हणजे कार्ड आतल्या मेमरीसारखं वापरण्याची सोय, आहेच. कंपनीने मेनूतून काढलं असलं तरी कॉम्प्युटरवरून फोनला हुकूम देणाऱ्या एडीबी टूलच्या 'एसएम पार्टिशन' कमांडने अनेकदा जमतं, आणि 'मिक्स्ड' म्हटलं की कार्डाचे दोन भागही होतात. पुढे दिलेला टक्का कशाचा, इथे लोक फसतात. 'मिक्स्ड ७०' म्हणजे ७० टक्के फोटो-गाण्यांना आणि उरलेले ३० टक्के ॲपना, उलट नाही. आकडा १० ते ९० मध्येच चालतो.

ॲपचा भाग एन्क्रिप्ट होतो आणि त्याची किल्ली फोनच्या डेटा भागात राहते. फॅक्टरी रीसेट मारलं किंवा नवी रॉम टाकताना डेटा पुसला की किल्ली गेली, आणि कार्डावरचा तो भाग कायमचा कचरा. आधी डेटा फोनमध्ये परत घ्या, मगच रीसेट.

मुळात भरलंय काय?

हे खरं तर सगळ्यांत आधी बघायला हवं. लिंकटूएसडी ॲपची फाइल, लायब्ररी आणि डेक्स (ॲपचा चालणारा कोड) हलवतं. ॲपचा आतला डेटा फुकटच्या आवृत्तीत फोनमध्येच राहतो. आपल्याकडे फोन भरतो तो बहुतेक वेळा व्हॉट्सॲपच्या 'शुभ सकाळ'ने आणि कुटुंबाच्या ग्रुपवरच्या लग्नाच्या व्हिडिओंनी. त्या फोल्डरला पार्टिशनने काडीचाही फरक पडत नाही. ते फोटो कार्डावर हलवा आणि ऑटो-डाउनलोड बंद करा. कदाचित पार्टिशनची गरजच उरणार नाही.

'इनसफिशियंट स्टोरेज' येतच राहिलं तर दोन गोष्टी बघा. नवं ॲप आधी आतल्या मेमरीत उतरतं, मग हलवलं जातं, त्यामुळे आत थोडी जागा मोकळी लागतेच. आणि अपडेट आलं की ॲप परत आत येऊन बसतं, म्हणून 'ऑटो लिंक' (ॲप आपोआप दुसऱ्या भागात हलवण्याची सोय) चालू ठेवा.

रूट केलेल्या फोनवर बँकेची आणि यूपीआयची अनेक ॲप चालत नाहीत. पैशांचा फोन वेगळा ठेवा.

कार्ड बदलायचं किंवा हे सगळं बंद करायचं ठरवलं तर आधी लिंकटूएसडीतून प्रत्येक ॲपचा लिंक काढा, म्हणजे फाइली आत परत येतात. आत मावत नसतील तर नको असलेली ॲप आधी उडवा. त्यानंतर फोन बंद करून कार्ड काढा, आणि लिंकटूएसडी अनइन्स्टॉल करा ते सर्वांत शेवटी.