खोलीचे मॉडेल आणि आपटून आत येणारा उजेड

वास्तुकलेच्या पहिल्या दोन वर्षांत विद्यार्थी जी मॉडेल करतात ती बहुधा बाहेरून आणि वरून पाहण्यासाठी असतात. ज्यूरीच्या, म्हणजे काम तपासणाऱ्या परीक्षकांच्या, टेबलावर इमारतीचा घाट दिसतो, गच्ची आणि पायऱ्या दिसतात. आतल्या खोलीत मात्र कोणी डोकावत नाही, कारण डोकावण्याची सोयच ठेवलेली नसते. हा लेख एकाच खोलीच्या, आत डोळा लावून पाहता येईल अशा मॉडेलविषयी आहे. पुण्यात शिकताना आणि पुढे घरांची कामे करताना मी सर्वांत जास्त वापरले ते हे साधन, आणि त्यातून माझे एक मत पक्के झाले. आपल्या उन्हाच्या मुलखात खोलीचा उजेड खिडकी जितका ठरवते तितकाच, आणि कित्येकदा त्याहून अधिक, तो जमीन, छत आणि भिंतीची जाडी ठरवतात. आपल्याला घरात थेट ऊन क्वचितच हवे असते. हवा असतो तो कशावर तरी आपटून, मवाळ होऊन आत आलेला उजेड.

उजेडाच्या बाबतीत छोट्या मॉडेलवर विश्वास ठेवता येतो, कारण दृश्य प्रकाशाची तरंगलांबी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी असते आणि म्हणून खोली वीसपट लहान केली तरी किरणांचे वागणे बदलत नाही. वारा, उष्णता आणि आवाज यांना हे लागू पडत नाही. मात्र त्यासाठी तीन अटी पाळाव्या लागतात: मापे अचूक हवीत, पृष्ठभाग खऱ्या पृष्ठभागांइतकाच उजेड परत फेकणारे हवेत, आणि उजेड फक्त खिडकी-दारांतूनच आत यायला हवा.

शेवटची अट ऐकायला सोपी वाटते, पण नवख्यांची बहुतेक मॉडेल तिथेच अडतात. पांढरा सनबोर्ड (मॉडेलसाठी वापरतात तो फोमचा हलका बोर्ड) आणि माउंट बोर्ड (जाड पुठ्ठा) दोन्ही उन्हात धरले की थोडा उजेड आरपार सोडतात, आणि कोपऱ्यातले सांधे तर हमखास गळतात. त्यामुळे मॉडेलला बाहेरून काळा कागद लावून सर्व सांध्यांवर काळी टेप मारावी, आणि खिडक्या झाकून आत मिट्ट काळोख होतो की नाही ते आधी पाहून घ्यावे. प्रमाण १:२० घ्यावे, शक्य असल्यास १:१०. १:५० च्या मॉडेलमध्ये डोळा किंवा मोबाइलचा कॅमेरा शिरत नाही आणि भिंतीची जाडीही हाती लागत नाही. १:२० मध्ये ५ मिलिमीटरचा सनबोर्ड म्हणजे फक्त १० सेंटिमीटरची भिंत झाली. नऊ इंची विटेच्या भिंतीला साधारण साडेअकरा मिलिमीटर लागतात, आणि जुन्या वाड्यातल्या ४५ सेंटिमीटर जाडीच्या भिंतीला साडेबावीस. म्हणून दोन पातळ भिंती मध्ये पोकळी ठेवून उभ्या कराव्यात आणि खिडकीची कड आतून पूर्ण बंद करावी. ही कड अतिशय महत्त्वाची आहे. खिडकीत शिरलेला बराचसा उजेड आधी तिच्यावरच पडतो, आणि ती आतल्या बाजूला तिरकी उघडून चुन्यासारखी पांढरी केली तर झगझगीत खिडकी आणि अंधारी भिंत यांच्यातला डोळ्यांना त्रास देणारा फरक स्पष्टपणे कमी होतो.

साहित्य निवडताना रंगाआधी परावर्तनाचा विचार करावा. ताजा चुना सुमारे ८० टक्के उजेड परत फेकतो, वीट किंवा जांभा ३० टक्क्यांच्या आसपास आणि काळा कडाप्पा १० टक्क्यांच्या आसपास. आकडा काढण्याची एक साधी रीत आहे. मोबाइलचा किंवा स्वस्तातला लक्समीटर (उजेड लक्स या एककात मोजणारे साधन) पृष्ठभागाकडे तोंड करून ठराविक अंतरावर धरावा, मग त्याच जागी कोरा पांढरा कागद ठेवून पुन्हा वाचन घ्यावे. कागदाचे परावर्तन साधारण ८० टक्के धरले की दुसऱ्या पृष्ठभागाचे प्रमाणाने निघते. मॉडेलमध्ये त्या आकड्याला जुळणारा राखाडी किंवा रंगीत कागद वापरावा. खऱ्या लाकडाचा तुकडा चिकटवण्याचा मोह अनेकांना होतो, पण १:२० मध्ये त्याच्या रेषा वाशाएवढ्या जाड दिसतात आणि खोली एकदम बाहुलीघर वाटू लागते. चकाकीचेही तसेच आहे. पॉलिश केलेला कोटा आणि खरबरीत शहाबादी एकाच राखाडी कागदाने दाखवता येत नाहीत. पहिल्यासाठी कागदावर पारदर्शक शीट चढवावी, म्हणजे खिडकीचे लांबट प्रतिबिंब जमिनीवर उतरते. गोव्यातल्या जुन्या घरांत खिडक्यांना शिंपल्यांची तावदाने असत. त्यांचा दुधी उजेड पाहायचा असेल तर खिडकीला ट्रेसिंग पेपर लावून पाहावा. तेव्हा तावदानच दिव्यासारखे उजळते, सावल्यांच्या कडा विरघळतात, पण बाहेरचे दृश्यही जाते. ही देवघेव मॉडेलमध्ये जितकी चटकन कळते तितकी रेखाचित्रात कळत नाही.

आता एक उदाहरण जवळून पाहू. चौक, त्याला लागून ओसरी आणि मागे माजघर अशी वाड्यातली ओळ घ्या. माजघराला बाहेरच्या बाजूने खिडकी ठेवू नका. जो काही उजेड यायचा तो ओसरीच्या बाजूने यावा. मॉडेल उन्हात गच्चीवर ठेवा, चौकाची जमीन सुटी ठेवा आणि फक्त तीच बदलत राहा. काळ्या दगडाच्या फरशीसारखा गडद कागद घातला की माजघराची तक्तपोशी, म्हणजे लाकडी छत, काळोखात बुडते, तुळया ओळखू येत नाहीत. त्याऐवजी फिकट दगडी रंगाचा कागद सरकवला की चौकातले ऊन खालून वर जाते, आधी ओसरीच्या छताला लागते, तिथून आत उतरते आणि तुळयांच्या खालच्या बाजू एकेक करून दिसू लागतात. उजेड खालून आल्यामुळे माणसांच्या चेहऱ्यावरच्या सावल्याही मऊ पडतात. आता तिथे तांबड्या मातीचा किंवा जांभ्याचा रंग घाला: माजघराच्या पांढऱ्या भिंतींवर आणि छतावर गुलाबी झाक चढते. कोकणातल्या पडवीत दुपारी असतो तो उबदार रंग अंगणाचा असतो, भिंतीचा नव्हे, हे मला अशाच मॉडेलने पटवले. या सगळ्या वेळात खिडकी, दार, खांब यांपैकी काहीही बदललेले नसते, आणि म्हणूनच एका वेळी एकच गोष्ट बदलण्याची शिस्त मी नव्या विद्यार्थ्यांकडे आग्रहाने मागतो.

उन्हाचा अभ्यास वेगळा करावा. सूर्याऐवजी टॉर्च वापरू नये. जवळच्या दिव्याचे किरण फाकतात, सूर्याचे समांतर येतात. मॉडेलच्या पायावर उत्तर दिशा आखून दोन सेंटिमीटर उंचीची टाचणी उभी करावी आणि आपल्या अक्षांशासाठी काढलेली छायारेषांची तबकडी (कोणत्या तारखेला, किती वाजता सावली कुठे पडते ते दाखवणारी) तिच्याखाली लावावी. मग टाचणीची सावली हव्या त्या तारखेवर आणि वेळेवर पडेपर्यंत संपूर्ण मॉडेल तिरके करावे. पुण्याचा अक्षांश सुमारे साडेअठरा अंश आहे. २१ डिसेंबरच्या माध्यान्ही, म्हणजे घड्याळात साडेबाराच्या पुढे, सूर्य दक्षिणेकडे ४८ अंशांवर असतो आणि त्या टाचणीची सावली उत्तरेला सुमारे १८ मिलिमीटर पडते. २१ जूनला तो ८५ अंशांवर, आणि तोही उत्तरेच्या बाजूला असतो; सावली जेमतेम पावणेदोन मिलिमीटर, दक्षिणेकडे. युरोपात लिहिलेल्या पुस्तकांत उत्तरेच्या खिडकीला ऊन लागत नाही असे गृहीत धरलेले असते. आपल्याकडे मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत ते खरे नाही, आणि जूनमध्ये ढग आले तरी मेच्या उत्तरार्धात उत्तरेच्या भिंतीवर सकाळ-संध्याकाळ तिरके ऊन नक्की येते. तिरक्या केलेल्या मॉडेलवर विखुरलेल्या उजेडाची मापे मात्र घेऊ नयेत, कारण खिडकीसमोरचे आकाशही त्याच्याबरोबर सरकलेले असते.

विखुरलेला उजेड मोजायला पावसाळ्यातला एकसारखा भरून आलेला दिवस सर्वांत उत्तम. आत आणि बाहेर उघड्यावर एकाच वेळी लक्स मोजून टक्केवारी काढावी. भारतीय प्रमाणकांत बाहेरचा आकाशप्रकाश ८००० लक्स धरतात, त्यामुळे एक टक्का म्हणजे ८० लक्स. स्वयंपाकघराला अडीच टक्के, म्हणजे २०० लक्स सुचवलेले आहेत. मॉडेलमध्ये काच बसवली नसेल तर हाती आलेल्या आकड्यातून काचेचे आणि चौकटीचे नुकसान वजा करायला विसरू नये.

आकड्यांपेक्षा पाहण्याला मी जास्त वेळ देतो. डोळ्यासाठीचे भोक कोणत्या उंचीवर पाडायचे हा प्रश्न आपल्याकडे विशेष महत्त्वाचा आहे, कारण आपण जमिनीवरही बसतो. १:२० मध्ये उभ्या माणसाचा डोळा साडेसात सेंटिमीटरवर येतो, खुर्चीतल्याचा सहावर आणि पाटावर बसलेल्याचा साधारण चारवर. तिन्ही भोके पाडावीत आणि न वापरलेली बुजवावीत. डोक्यावर काळे कापड घेऊन डोळे सरावेपर्यंत थांबावे. फोटो काढताना मोबाइलचे एक्स्पोजर आणि रंगसंतुलन लॉक करणे अनिवार्य आहे, नाहीतर कॅमेरा अंधारी खोली आपोआप उजळवतो आणि गडद व फिकट जमिनीचे फोटो सारखेच दिसतात. असे फोटो ज्यूरीसमोर ठेवण्यात काहीच अर्थ नाही.

ज्यांच्याकडून शिकावे असे दोन वास्तुकार सांगतो. लुई कान यांनी टेक्सासमधल्या फोर्ट वर्थ इथे बांधलेल्या किंबेल कला संग्रहालयात (१९७२) कमानी छताच्या माथ्यावर अरुंद फट आहे, पण तिच्याखाली छिद्रे पाडलेले ॲल्युमिनियमचे परावर्तक टांगलेले आहेत. ते उजेड उलटा काँक्रीटवर फेकतात आणि राखाडी काँक्रीट रुपेरी दिसू लागते. स्वित्झर्लंडचे पीटर झुम्थोर कामाच्या काळात खऱ्या साहित्यातली मोठी मॉडेल करण्यासाठी ओळखले जातात. आज हेच प्रश्न संगणकावरही सोडवता येतात आणि नोकरीत ते करावेच लागेल, परंतु संगणक जमिनीचे परावर्तन तुम्हालाच विचारतो, आणि ३० टक्के म्हणजे दिसायला काय हे ज्याने पाहिलेले नाही तो तिथे अंदाजाने काहीतरी भरतो.

पहिले मॉडेल स्वतः राहता त्या खोलीचे करावे. खोलीत चार-पाच जागांवर लक्स मोजावेत, त्याच तासाला मॉडेल त्याच दिशेला, समोरच्या इमारतीचा आडोसाही लावून ठेवावे आणि तीच मापे घ्यावीत. बहुधा खरी खोली मॉडेलहून अंधारी निघते. मग एकेक कारण शोधत जावे: खिडकीची जाळी, काचेवरचा मळ, वरचा छज्जा, पुस्तकांचे कपाट, पलंगावरची गडद चादर. जाळी काढून पुन्हा मोजा, चादर बदलून पुन्हा मोजा, आणि दोन्ही आकडे जवळ येईपर्यंत तीच दुरुस्ती मॉडेलमध्येही करत राहा.