फिलिपिनो स्वभाव आणि मूल्यांवरील सांस्कृतिक प्रभाव कसे अभ्यासावेत

फिलिपिन्सच्या समाजाविषयी वाचायला घेतले की एक ठरीव मांडणी लगेच हाती लागते: आतिथ्य मलय पूर्वजांचे, धर्मश्रद्धा स्पेनची, काटकसर चिनी व्यापाऱ्यांची आणि निवडणुकांची आवड अमेरिकेची. ही मांडणी लक्षात ठेवायला सोपी आहे, परंतु तिच्यातून फिलिपिनो माणूस समजत नाही, कारण तीत तो स्वतः काहीच करताना दिसत नाही. इतरांनी आणून दिलेले गुण तो केवळ अंगावर घेतो. म्हणून अभ्यासकाने उलट दिशेने जावे. आधी एक मूल्य निवडावे, ते कोणत्या प्रसंगी आणि कोणाकोणांत दिसते ते पाहावे, त्या प्रसंगाला आधार देणारी संस्था शोधावी, आणि मगच ती संस्था केव्हा आली व ती येण्यापूर्वी तिथे काय होते, हे विचारावे.

अभ्यास कोणाचा, हे आधी ठरवावे

फिलिपिन्समध्ये ७,६४१ बेटे आहेत आणि तागालोग, सेबुआनो, इलोकानो, हिलिगायनोन, वाराय अशा शंभराहून अधिक भाषा तिथे बोलल्या जातात. २०२० च्या जनगणनेनुसार लोकसंख्येपैकी सुमारे ७९ टक्के लोक रोमन कॅथलिक आणि ६ टक्क्यांहून थोडे अधिक मुस्लिम आहेत. ‘फिलिपिनो मूल्ये’ या नावाखाली जे लेखन झाले, त्यातील बराच भाग उत्तरेकडील लुझोन आणि मधल्या विसाया बेटांवरील सखल प्रदेशांतल्या ख्रिस्ती समाजाला समोर ठेवून झालेला आहे. दक्षिणेकडील सुलू आणि मिंदानाओ बेटांवरील मुस्लिम सल्तनतींवर स्पेनला कधीही पूर्ण ताबा मिळवता आला नाही. तिथल्या मारानाओ समाजात ‘मारातबात’, म्हणजे कुळाच्या प्रतिष्ठेची तीव्र जाणीव, हे मूल्य इतके प्रबळ आहे की त्यापायी घराण्याघराण्यांतील वैरे पिढ्यान्‌पिढ्या चालू राहतात. उत्तर लुझोनच्या कोर्दियेरा पर्वतराजीत डोंगरउतारांवर भाताच्या पायऱ्यांची शेती उभारणाऱ्या इफुगाओ समाजाचा इतिहासही वेगळाच आहे. तेव्हा टिपणवहीत प्रत्येक नोंदीच्या आरंभी प्रदेश, धर्म आणि आर्थिक स्तर लिहून ठेवावा. एवढी शिस्त पाळली तरी निम्मी सरसकट विधाने आपोआप टळतात.

सर्वांत जुना थर

स्पॅनिश सत्तेपूर्वी लोक ‘बारांगाय’ नावाच्या लहान वस्त्यांत राहत. प्रत्येक वस्तीचा एक ‘दातू’, म्हणजे प्रमुख, असे. त्याच्या अधिकाराचे बळ जमिनीपेक्षा त्याच्यामागे उभ्या राहणाऱ्या माणसांवर अवलंबून असे. नाते बापाकडून आणि आईकडून सारखेच मोजले जाई, आजही मोजले जाते, आणि त्यामुळे एका माणसाच्या नातलगांचे वर्तुळ फार मोठे होते. स्त्रियांना मालमत्ता बाळगता येई आणि ‘बाबायलान’ म्हणून धार्मिक विधींचे नेतृत्व बहुधा त्यांच्याकडेच असे. कुटुंबनिष्ठा आणि स्त्रीचे घरातील वजन यांचा शोध घेताना हा थर वगळून थेट चर्चपाशी पोहोचू नये. ‘बारांगाय’ हे नाव आजही देशातील सर्वांत लहान प्रशासकीय घटकाला आहे.

लागुना प्रांतात १९८९ मध्ये उजेडात आलेला एक ताम्रपट मराठी वाचकाला विशेष जवळचा वाटेल. त्यावरील काळ शके ८२२, वैशाख, म्हणजे इ.स. ९००, असा आहे. लिपी कावी, म्हणजे जावाची प्राचीन लिपी, भाषा जुनी मलय आणि तीत संस्कृत शब्द मिसळलेले. मजकूर आहे नामवारान नावाच्या गृहस्थाच्या वंशजांना कर्जातून मुक्त केल्याचा. देशातील ज्ञात दस्तऐवजांपैकी हा सर्वांत जुना असून तो ऋण आणि वारसांची जबाबदारी यांविषयी असावा, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, कारण याच दोन धाग्यांपाशी पुढे परत यावे लागणार आहे. तथापि, संस्कृत शब्द दिसले म्हणून ती मूल्ये भारतातून गेली, असे मानण्याचा मोह आवरावा. ते शब्द जावा आणि मलय जगातील व्यापाराच्या वाटेने पोहोचले.

स्पॅनिश काळात गुण शोधू नयेत, संस्था पाहाव्यात

मॅगेलन १५२१ मध्ये सेबू येथे पोहोचला आणि त्याच वर्षी मॅक्तान बेटावर तिथला प्रमुख लापुलापू याच्या योद्ध्यांशी लढताना मारला गेला. स्पॅनिश सेनानी लेगास्पीने १५६५ मध्ये सेबूला आणि १५७१ मध्ये मनिलाला ठाणे वसवले, आणि तेव्हापासून १८९८ पर्यंत स्पेनची सत्ता टिकली. या प्रदीर्घ काळात विखुरलेल्या वस्त्या चर्चच्या घंटेच्या टप्प्यात आणून वसवल्या गेल्या, दातूंना करवसुली करणारे गावप्रमुख बनवले गेले आणि पुरुषांवर सक्तीची वेठ लादली गेली. स्पॅनिश प्रभाव म्हणजे केवळ नवी प्रार्थना नव्हे. गावाचा आकार, अधिकाराची उतरंड आणि वर्षाचे पंचांग हे सगळेच बदलले. गावाच्या आश्रयदात्या संताची ‘फिएस्ता’, १६ ते २४ डिसेंबर या नऊ दिवसांतील पहाटेची प्रार्थना, मनिलाच्या कियापो भागात ९ जानेवारीला निघणारी काळ्या नाझरेनोची मिरवणूक, हे प्रसंग प्रत्यक्ष पाहावेत आणि पाहताना कोण कोणासाठी नवस फेडत आहे, जेवणाचा खर्च कोण उचलतो, पाहुणा म्हणून कोणाला मान मिळतो, याकडे लक्ष द्यावे. येशूसंघीय मानसशास्त्रज्ञ हाइमे बुलाताओ यांनी १९६० च्या दशकात असे दाखवले की, एकाच माणसाच्या मनात चर्चने शिकवलेला धर्म आणि घरातून आलेले नियम हे एकमेकांना न भिडता दोन मजल्यांवर नांदू शकतात. धार्मिकतेचा अभ्यास करताना हे निरीक्षण सतत हाताशी ठेवावे.

मला सर्वाधिक बोलकी वाटणारी संस्था मात्र धर्मपित्यांची आहे. बाप्तिस्मा आणि विवाह यांसाठी कॅथलिक विधीला साक्षीदार लागतात. फिलिपिन्समध्ये ते ‘निनोंग’ (धर्मपिता) आणि ‘निनांग’ (धर्ममाता) होतात, आणि बालकाचे आईवडील व हे धर्मपालक परस्परांना ‘कुंपारे’ किंवा ‘कुमारे’ म्हणू लागतात. दोन्ही बाजूंनी नाते मोजणाऱ्या जुन्या समाजाला नाते आणखी वाढवण्याचे हे आयते साधन मिळाले. चर्चला अपेक्षित असलेल्या संख्येपेक्षा कितीतरी अधिक धर्मपालक आज एका लग्नात उभे असतात, आणि त्यांत बहुधा नगराध्यक्ष, मालक, डॉक्टर किंवा गावातील वजनदार व्यक्ती असतात. म्हणून कोणत्याही लग्नाच्या निमंत्रणपत्रिकेतील धर्मपालकांची यादी हा अभ्यासाचा अस्सल दस्तऐवज समजावा: कुटुंब कोणाच्या आधाराने उभे आहे आणि पुढे कोणाच्या उपयोगी पडणार आहे, हे त्या यादीत दिसते. संस्था परकी, पण तिला दिलेला उपयोग पूर्णपणे स्थानिक, असा हा नमुना इतर प्रभावांनाही लावून पाहावा.

चिनी शेजार आणि अमेरिकी शाळा

मनिलाचा बिनोंदो हा भाग १५९४ पासून चिनी ख्रिस्ती वसाहत म्हणून ओळखला जातो. चिनी प्रभाव खाद्यपदार्थांत सर्वांना दिसतो, पण अभ्यासकाने तो घरातील हाकांमध्ये आणि बाजारातील व्यवहारात पाहावा. थोरल्या भावाला ‘कुया’ आणि थोरल्या बहिणीला ‘आते’ म्हणण्याची रीत होक्क्येन या दक्षिण चीनमधील भाषेतून आली आहे, आणि त्या हाकेसोबत धाकट्यांची जबाबदारीही थोरल्यांवर येते. नेहमीचा विक्रेता आणि नेहमीचे गिऱ्हाईक यांच्यातील ‘सुकी’ हा विश्वासाचा संबंधही याच शेजारातून आला.

अमेरिकेने १८९८ च्या पॅरिस तहान्वये २ कोटी डॉलर देऊन हे द्वीपराष्ट्र स्पेनकडून घेतले, स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्यांशी युद्ध केले आणि त्याच वेळी शाळा काढल्या. १९०१ मध्ये ‘थॉमस’ या जहाजातून सुमारे ५०० शिक्षक आले. इंग्रजी हे शिक्षणाचे माध्यम झाले, पदवी ही कुटुंबाच्या उत्कर्षाची खूण बनली आणि परदेशी वस्तू, परदेशी उच्चार, गोरा वर्ण यांना मोठे मोल आले. या शेवटच्या वृत्तीला फिलिपिनो विचारवंत वसाहतवादी मानसिकता म्हणतात आणि तिच्यावर कठोर टीका करतात. १९७४ पासून सरकारने परदेशी रोजगाराला पद्धतशीर चालना दिली, तेव्हा इंग्रजी शिक्षण आणि जुनी कुटुंबनिष्ठा यांची सांगड पडली. आखातात परिचारिका म्हणून राबून धाकट्या भावंडांचे शिक्षण पुरे करणारी ‘आते’ समजून घ्यायची असेल, तर बारांगाय, बिनोंदो आणि अमेरिकी शाळा हे तिन्ही एकत्र पाहावे लागतात.

एक मूल्य खोलवर तपासावे

सर्व मूल्यांना थोडे थोडे स्पर्श करण्यापेक्षा एकावर मुक्काम करावा. ‘उतांग ना लोओब’ यासाठी उत्तम आहे. संकटात केलेल्या मदतीचे, जन्म दिल्याचे, शिकवल्याचे हे अंतःकरणातील ऋण असते. ते पैशाने फिटत नाही आणि पुष्कळदा आयुष्यभर फिटतच नाही. आईवडिलांना म्हातारपणी सांभाळणे, गुरूच्या अडचणीला धावून जाणे, परदेशातून पेटी भरून वस्तू पाठवणे, हे सारे त्यातून घडते. हे ऋण विसरणारा अशी ज्याची ख्याती होते, त्याला समाजात तोंड दाखवणे कठीण होते, आणि इथे ‘हिया’ म्हणजे लाज व मर्यादेची जाणीव कामी येते.

हेच मूल्य निवडणुकीच्या काळात पाहावे. राजकारणी दवाखान्याचे बिल भरतो, अंत्यविधीला मदत पाठवतो, मुलाला नोकरी लावतो. मतदार त्या उपकाराला मताने उतराई होतो आणि ठरावीक घराणी सत्तेत राहतात. हुकूमशहा मार्कोस यांची सत्ता उलथवणाऱ्या फेब्रुवारी १९८६ च्या लोकशक्ती क्रांतीनंतर सिनेटर लेतिसिया रामोस शहानी यांच्या पुढाकाराने फिलिपिनो स्वभावाच्या बलस्थानांवर व उणिवांवर १९८८ मध्ये एक अहवाल तयार झाला. त्यात कुटुंबाची ओढ बलस्थानांत आहे आणि कुटुंबाचा अतिरेक उणिवांत आहे. हा विरोधाभास मुळीच नाही. मूल्याची दोन्ही रूपे एकाच मुळातून येतात, आणि केवळ कौतुक किंवा केवळ दोष लिहिणाऱ्याने अर्धाच अभ्यास केलेला असतो.

दोष दिसला की तो रक्तात आहे असे लिहिणे हा फार जुना अपराध आहे. स्पॅनिश लेखक ‘इंदिओ’ला, म्हणजे स्थानिक माणसाला, जन्मजात आळशी म्हणत, तेव्हा फिलिपिनो लेखक आणि देशभक्त होसे रिसाल यांनी १८९० मध्ये ‘ला सोलिदारिदाद’ या नियतकालिकात लेखमाला लिहून उत्तर दिले. आळस दिसतो हे त्यांनी मान्य केले, हवामानाचा भागही नाकारला नाही, परंतु वेठ, युद्धे, व्यापाराचा नाश आणि माणसाला हीन लेखणारे शिक्षण यांनी कष्टाची प्रेरणाच मारली, असे त्यांनी दाखवले. हे लेखन प्रत्येक अभ्यासकाने वाचावे. ‘बाहाला ना’, म्हणजे ‘होईल ते होवो’, या उद्‌गाराचेही तसेच झाले: अनेकांनी त्याला दैववाद ठरवले, तर मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेदो लागमाय यांनी त्यात अनिश्चित प्रसंगाला सामोरे जाण्याचा निर्धार दाखवला.

विचारावे कसे

विर्हिलिओ एन्रिकेस यांनी उभ्या केलेल्या फिलिपिनो मानसशास्त्राच्या केंद्रस्थानी ‘काप्वा’ आहे, म्हणजे दुसऱ्यात स्वतःला आणि स्वतःत दुसऱ्याला पाहणारी सामाईक ओळख. परकीय अभ्यासकांनी समाजातील गोडवा टिकवण्याच्या धडपडीवरच भर दिला, अशी त्यांची तक्रार होती. त्यांच्या परंपरेत ‘पागतातानोंग-तानोंग’, म्हणजे ओघात, सहज, पुन्हा पुन्हा विचारत राहणे, ही पद्धत रूढ झाली, आणि ती पाहुण्या अभ्यासकासाठीही सर्वांत योग्य आहे. छापील प्रश्नावली घेऊन पहिल्याच भेटीत बसू नये. परक्याला मिळणारे उत्तर आणि आपल्यातल्याला मिळणारे उत्तर यांत मोठे अंतर असते, म्हणून आधी जेवणाचे निमंत्रण स्वीकारावे, घरातील वडीलधाऱ्यांचा हात आपल्या कपाळाला लावून नमस्कार करावा, आणि तागालोग बोलता येत असेल तर वाक्यात आदराचा ‘पो’ घालायला विसरू नये.

‘हो’ असे उत्तर मिळाले तर ते होकार आहे की समोरच्याला न दुखावण्याची काळजी आहे, हे काही दिवसांनी दुसऱ्या बोलण्यातून पडताळावे. कोणाची चूक चारचौघांत दाखवू नये. अवघड विषय असेल तर दोघांच्या विश्वासातील मध्यस्थामार्फत काढावा. मनिलातील कार्यालयात जे ऐकले ते सेबूच्या बाजारात, मिंदानाओतील मुस्लिम घरात आणि परदेशातून परतलेल्या कामगाराच्या कुटुंबात पुन्हा विचारावे, आणि उत्तरे जिथे जुळत नाहीत तिथे अधिक वेळ द्यावा. लेखन पूर्ण होत आले की ज्यांच्याविषयी लिहिले त्यांच्यापैकी किमान दोन वेगळ्या प्रदेशांतील व्यक्तींना ते वाचून दाखवावे, आणि त्यांच्या हरकती मूळ मजकुराशेजारी जशाच्या तशा नोंदवाव्यात.