जखमांच्या क्लिनिकमध्ये नव्या स्टाफने या चुका टाळाव्यात

नवीन सिस्टर किंवा ब्रदर ट्रे छान लावतात, बेटाडीन ओततात आणि थेट जखमेला हात घालतात. रुग्णाच्या चपलेकडे मात्र कुणाचं लक्ष जात नाही.

मधुमेही माणसाच्या तळव्याची जखम भरत नसेल, तर खोट बहुतेकदा ड्रेसिंगमध्ये नसते. पाय बधिर असतो, दुखत नाही, म्हणून काका त्याच जखमेवर दिवसभर फिरतात. आधी 10 ग्रॅमच्या मोनोफिलामेंटने (तळव्याला टेकवायचा बारीक नायलॉनचा धागा) संवेदना तपासा. मग डॉक्टरांशी बोलून त्या जागेवरचा भार काढायची सोय करा. भार तसाच राहिला तर महागातलं ड्रेसिंगही वाया जातं.

केसपेपरवर रोज ‘जखम बरी आहे’ लिहिणं ही दुसरी खोड. लांबी, रुंदी, खोली सेंटिमीटरमध्ये लिहा, दर आठवड्याला. 6 बाय 4 ची जखम 5 बाय 3 झाली की डोळ्यांना फारसा फरक दिसत नाही; गुणाकार मात्र 24 वरून 15 वर आलेला असतो. मधुमेही पायाची जखम 4 आठवड्यांत निम्म्याने आक्रसली नाही, तर तेच ड्रेसिंग रेटू नका, डॉक्टरांना सांगा.

‘जखम सुकली पाहिजे’ हे आपल्या डोक्यातून जाता जात नाही. ओलसर जखमेवर नवी त्वचा लवकर येते, हे संशोधक जॉर्ज विंटर यांनी 1962 मध्येच डुकरांवर दाखवलं. लाल मांस भरत असताना रोज हायड्रोजन पेरॉक्साइड ओतलं तर नव्या पेशीच जळतात. साधं सलाईन पुरतं. अपवाद एकच लक्षात ठेवा: रक्तपुरवठा नसलेलं, काळं पडलेलं कोरडं बोट ओलं करायचं नाही.

पाय सुजलाय म्हणून घट्ट पट्टी गुंडाळू नका. आधी घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब मोजून गुणोत्तर काढा (घोट्याचा भागिले दंडाचा). ते 0.5 च्या खाली असेल तर दाबपट्टी पाय घालवू शकते. मधुमेहात धमन्या कडक झाल्या की आकडा खोटाच चांगला येतो, त्यामुळे 1.3 च्या वर दिसला तरी निर्धास्त होऊ नका.

स्वॅब (जंतू तपासायला कापसाच्या काडीवर घेतलेला नमुना) जखम धुतल्यावर घ्या, वरच्या पूवरून नाही. संसर्गाची लक्षणं नसतील तर घेऊच नका.

माखलेलं गॉज पिवळ्या पिशवीत, हातमोजे लाल पिशवीत, ब्लेड पांढऱ्या डब्यात.

आणि घरी ड्रेसिंग सूनबाई करणार असतील, तर त्यांना नुसतं सांगून पाठवू नका. एकदा तुमच्यासमोर त्यांच्या हातून करून घ्या.