सिकलसेलच्या पेशंटचा किडनी डॉपलर कसा करायचा

गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया किंवा तिकडे नंदुरबारला सोनोग्राफी करत असाल तर एसएस पॅटर्नचे, म्हणजे आई-वडील दोघांकडून सिकलचं जनुक आलेले पेशंट तुमच्याकडे येतातच, आणि फॉर्मवर बहुतेक वेळा नुसतं 'पोटाची सोनोग्राफी' एवढंच असतं. माझं म्हणणं एवढंच की किडनीवर प्रोब ठेवलाच आहे तर डॉपलरही, म्हणजे रक्ताचा वेग मोजणारा मोड, लावा, थोडाच वेळ लागतो.

आधी तयारी. सिकलच्या पेशंटला उपाशी-तहानलेलं बसवू नका हो, प्लीज! किडनीच्या आतल्या भागात, मेड्युलात, ऑक्सिजन कमी आणि क्षार जास्त, त्यामुळे लाल पेशी तिथेच आधी वाकड्या होऊन अडकतात, मग लघवीतलं पाणी परत ओढून घ्यायची ताकद जाते, पेशंट कितीही तहानलेला असला तरी लघवीवाटे पाणी जातच राहतं, आणि त्यात आपण सकाळपासून पाणी बंद केलं तर क्रायसिस, म्हणजे पेशी अडकून उठणारा तीव्र दुखण्याचा झटका, यायला वेळ लागत नाही. आतल्या बारीक धमन्या कुशीवरून बघायच्या असतात, गॅस फारसा आड येत नाही, मग उपास कशाला? डायक्लोफेनॅकसारखी दुखण्याची गोळी घेतलीये का तेही विचारा, तिने किडनीचा रक्तप्रवाह कमी होतो. क्रायसिस चालू असताना आलेला आकडा बेसलाइन म्हणून धरू नका.

आता साध्या इमेजवर लांबी घ्या, पिरॅमिड (मेड्युलाचे त्रिकोणी भाग) पांढरट दिसतात का बघा. मोठी किडनी दिसली तर 'छान आहे' म्हणून सोडू नका, सिकलमध्ये सुरुवातीला किडनी मोठी असू शकते.

मग कलर लावा, स्केल आणि वॉल फिल्टर कमी ठेवा, गेट (जिथला वेग मोजायचा ती खिडकी) २ ते ४ मिमी, पिरॅमिडच्या कडेने जाणाऱ्या इंटरलोबार धमनीवर. प्रोब दाबू नका, दाबलं की डायस्टोलिक फ्लो (हृदय सैल असतानाचा प्रवाह) खोटाच कमी दिसतो. श्वास क्षणभर रोखायला सांगा, जोर लावून नाही, लहान मूल असेल तर शांत व्हायची वाट बघा. वरचा, मधला, खालचा अशा तीन जागी सारख्या दिसणाऱ्या लाटा मिळाल्या की मोजा. समजा पीक ४० आणि शेवटचा डायस्टोलिक १४ सेमी प्रति सेकंद, तर आरआय (रेझिस्टिव्ह इंडेक्स, रक्तप्रवाहाला होणाऱ्या विरोधाचं माप) म्हणजे (४० वजा १४) भागिले ४०, ०.६५. तिन्हीची सरासरी लिहा. मोठ्यांमध्ये ०.७० च्या वर गेलं तर आतल्या रक्तप्रवाहाला विरोध वाढलाय असं समजायचं, पण लहान मुलांमध्ये तो तसाही जास्त असतो, वयाप्रमाणे बघा.

आरआय नॉर्मल म्हणजे किडनी सुखरूप असं मात्र नाही. किडनीचं काम बघायला रक्तात तपासतात ते क्रिएटिनिनही या पेशंटमध्ये फसवं, बराच काळ कमीच दिसतं. म्हणून रिपोर्टच्या खाली लघवीतल्या अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशोचा (किडनीतून प्रथिन झिरपतंय का हे दाखवणाऱ्या तपासणीचा) सल्ला लिहाच, आणि कुठल्या धमनीवर, किडनीच्या कुठल्या भागात (वर, मध्ये की खाली) मोजलं तेही, म्हणजे पुढच्या वेळी दुसऱ्या कुणी केलं तरी त्याच जागी तुलना करता येईल.