विनोदी मालिकेतील सलगतेचा घोळ : या चुका टाळा

सलगता म्हणजे एका शॉटमधल्या वस्तू, कपडे किंवा माहिती पुढच्या शॉटमध्ये आणि पुढच्या भागातही तशीच राहणे. विनोदी मालिकेच्या चित्रीकरणात त्यात सर्वाधिक दगा देतो तो चहाचा ग्लास. लातूरजवळच्या एका वाड्यात आम्ही चित्रित केलेल्या प्रसंगात दूरच्या शॉटमध्ये आजोबांचा ग्लास रिकामा होता, तर लगेच येणाऱ्या क्लोज-अपमध्ये तो काठोकाठ भरलेला होता आणि डाव्या खांद्यावरचे उपरणे उजव्या खांद्यावर गेले होते. चूक माझीच होती, कारण जेवणाच्या सुट्टीआधी मी फोटो काढून ठेवला नव्हता. तेवढ्या वेळात ओसरीवरची उन्हाची तिरीपही हातभर सरकली होती.

विनोदात अशा चुका अधिक राहतात, कारण संकलक (शॉट जोडणारा) जुळणारा टेक (एकाच शॉटचे एकेक चित्रीकरण) सोडून हसवणारा टेक निवडतो, आणि माझ्या मते ते योग्यच आहे. म्हणून नटाने कोणत्या शब्दावर घोट घ्यायचा, हे आधीच ठरवून घ्यावे. १९५१ मध्ये सुरू झालेली ‘आय लव्ह लूसी’ ही अमेरिकन विनोदी मालिका प्रेक्षकांसमोर एकाच वेळी तीन कॅमेऱ्यांनी टिपली जात असे, त्यामुळे दूरचा आणि जवळचा शॉट एकाच क्षणाचा मिळे. आपल्याकडे दोन मोबाइल एकदम चालवले तरी बरेच निभावते.

ग्लासाची चूक प्रेक्षक हसून सोडून देतात. पात्राच्या घराण्यातली चूक मात्र कात्रीने निघत नाही. ‘हॅपी डेज’ या अमेरिकन मालिकेतल्या कुटुंबाचा थोरला मुलगा चक दुसऱ्या पर्वानंतर कोणताही खुलासा न होता नाहीसा झाला. कोरियन युद्धावरच्या ‘मॅश’ या अमेरिकन मालिकेतील डॉक्टर हॉकायच्या बोलण्यात सुरुवातीला आई आणि बहीण येतात, पुढे तो एकुलता एक आणि लहानपणीच आई गमावलेला ठरतो. (तीन वर्षांचे कोरियन युद्ध ही मालिका ११ वर्षे लढली, हे वेगळेच.) यावर उपाय एकच : प्रत्येक पात्राचे गाव, नाती आणि वय यांची वही ठेवावी व संवाद लिहिण्यापूर्वी ती उघडावी.

तरीही चूक प्रसारित झालीच, तर ती लपवू नये. ‘चीअर्स’ या अमेरिकन मालिकेत फ्रेझर या पात्राने वडील वारल्याचे सांगितले होते, १९९३ पासून त्याच्यावरच निघालेल्या ‘फ्रेझर’ या मालिकेत ते त्याच्याच घरी राहायला आले, तेव्हा पुढे एका भागात जुन्या मित्राकडूनच त्याला जाब विचारवला गेला आणि वडिलांशी भांडण झाल्यामुळे तसे बोललो, असे त्याने कबूल केले. आमच्या काकूंचे माहेर पहिल्या भागात परभणी आणि सहाव्या भागात बीड झाले, तेव्हा आम्हीही सातव्या भागात नवऱ्याला तोच प्रश्न विचारायला लावला. काकू म्हणाल्या, “भावाची बदली झाली, मग माहेराचीबी झाली.”